इवायाच्या अंगणातल्या चार फेऱ्या

लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरी मुक्काम करू नये, तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असा एक जुना रिवाज आहे. मी आयुष्यभर या रिवाजाची टिंगल केली. आर्वीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक साडी बघत असलं की मी त्याला असले रिवाज कसे बिनडोक असतात ते ऐकवायचो, आणि बायको म्हणायची की कापड विका, अक्कल विकायला बसू नका. तर अशा या माणसाने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, जेवता जेवता, जाहीर केलं की आपल्यात लेकीच्या घरी राहत नाहीत आणि यापुढे मी ते कडक पाळणार आहे. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे पाहिलं, आणि विचारलं, "भाजीत काही पडलं का?"

मला धर्म वगैरे काही आठवला नव्हता. मला रात्री चारदा लघवीला उठावं लागत होतं, एवढंच त्याचं कारण होतं.

लेक दिली ती हिंगणघाटकडे, वडनेरला. शेती करणारं घर, माणसं भली, अंगण एवढं मोठं की त्यात माझी पाच दुकानं बसावीत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको तिथे राहायला गेलो. त्या दिवसांत घरात झोपणं शक्यच नसतं, म्हणून बायका गच्चीवर आणि आम्ही पुरुष अंगणात बाजा टाकून. माझ्या बाजेला लागून इवायाची बाज. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि त्याचा मान फार असतो. माझा त्यांना आणि त्यांचा मला. संडास अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या मागे. मधे एक कुत्रं. संध्याकाळी मी त्याला प्रेमाने पोळीचा तुकडा दिला होता, पण रात्री त्याने ओळख दाखवली नाही.

पहिल्यांदा उठलो तेव्हा ते असं भुंकलं की गोठ्यातली गाय उभी राहिली. इवाई उठून बसले. "कोण हाये?"

"मी."

"थांबा, आलोच."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी उशाखालची बॅटरी काढली, काठी घेतली आणि माझ्या पुढे चालू लागले. मी आत गेलो. ते बाहेर पाठ करून उभे राहिले आणि आपण इथेच आहोत हे कळावं म्हणून अधूनमधून खोकत राहिले. दारापलीकडे इवाई बॅटरी घेऊन उभा असताना कोणाची लघवी सुरळीत होते? अर्धी आतच राहिली. त्यामुळे तासाभराने पुन्हा उठावं लागलं. पुन्हा कुत्रं, पुन्हा गाय, पुन्हा "थांबा, आलोच." अशा चार मिरवणुका निघाल्या. चौथ्या वेळी गच्चीवरून विहीणबाईंचा आवाज आला, "काय झालं जी, इवायाचं पोट बिघडलं काय?"

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, हो, पोट जरा बिघडलंय.

माणूस घाबरला की पहिलं वाक्य कोणाचंही उचलतो. सकाळी ओव्याचं पाणी तयार होतं, शेजारचे दोघे विचारून गेले, आणि विहीणबाई गप्प होत्या, कारण रात्री त्यांनी आमच्यासाठी खास भरलं वांगं केलं होतं. मी दोनदा मागून घेतलं होतं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी ठरवलं की या अंगणात पुन्हा झोपायचं नाही. पण सांगणार काय? लेकीच्या सासरी जाऊन, मला रात्रीतून चारदा लागते, असं कोणता बाप सांगतो? हिंगणघाट येईपर्यंत मला तो रिवाज सापडला. इतका सोयीचा रिवाज मी इतकी वर्षं उगाच हिणवला, असंही वाटून गेलं.

पुढे तीन वर्षं मी तो पाळला. सकाळी जायचं, दिवसा उजेडी परतायचं. पाण्याची बाटली घरून न्यायची. लेक हातात तांब्या घेऊन दारात यायची आणि मी तिला हात जोडायचो, जणू ती देवीच आहे. पहिल्या वेळी ती हसली. "बाबा, मागच्या उन्हाळ्यात तर तुम्ही इथंच जेवले, इथंच झोपले."

"तेव्हा लक्षात नव्हतं."

दुसऱ्या वेळी ती हसली नाही. नंतर नंतर तिने तांब्या आणणं सोडून दिलं. मला वाईट वाटायचं. पण पाणी प्यायचं नाही म्हटल्यावर परतीच्या बसमध्ये पंचाईत होत नाही, हाही हिशेब मनात होताच, तो का लपवू.

मग बातमी आली की तिला दिवस गेले आहेत. बायकोने पेढे आणले, दुकानांच्या सगळ्या ओळीत वाटले. मीही आनंदलो, अगदी मनापासून. आणि पेढा तोंडात असतानाच लक्षात आलं की मूल झालं की रिवाज संपतो. मला ते कुत्रं दिसायला लागलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. हिवाळ्यात, आठव्या महिन्यात, ती आर्वीला आली. आमच्या घरात न्हाणीघराशेजारी एकच संडास, आणि त्याच्यापुढे छोटी बोळ. आठव्या महिन्यातल्या बाईला रात्री किती वेळा उठावं लागतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. बायकोची दोन बाळंतपणं झाली होती, पण तेव्हा मी गाढ झोपणारा तरुण होतो. पहिल्याच रात्री बोळीत आमची गाठ पडली. मी म्हणालो, मागच्या दाराची कडी बघायला आलो होतो. तिने मान डोलावली. तासाभराने पुन्हा गाठ पडली, पुन्हा कडी. तिसऱ्या वेळी ती भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून उभी होती.

"बाबा, अजून कडी लागली नाई काय?"

मी घाईने आत शिरलो. बाहेर आलो तर ती तिथेच, तोंडावर पदर धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या अंगणात उन्हाला बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होती. मला बोलावलं, समोर बसवलं, शेंगांची परात मधे ठेवली. म्हणाली, "कधीपासून आहे हे?"

"काय?"

"कडी."

मग मी सगळं सांगितलं. अंगण, कुत्रं, गाय, बॅटरी, खोकला, ओव्याचं पाणी, रिवाज. मला वाटलं ती पोट धरून हसेल. ती हसली नाही. शेंग सोलता सोलता तिचे हात थांबले.

"अन् मले वाटे का आमचं घर तुम्हाले पटत नाई. गोठा आहे, शेणाचा वास आहे, म्हणून तुम्ही पाणीई पीत नाई. तीन वर्षं मी हेच धरून बसलती." डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "तिकडं सासूबाई म्हणते का इवायानं वांग्याचा राग धरला. तुम्ही येनार असले का त्या वांगं करतच नाई."

मला आधी हसू आलं, ते वांग्यामुळे. मग फार लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीपायी मी पोरीला तीन वर्षं तिच्याच दारात उपरं वाटायला लावलं होतं, आणि वर स्वतःला मोठा खुल्या विचारांचा समजत होतो.

"एक करा," ती म्हणाली. "बाळाले घेऊन जाईन तवा सोडाले तुम्ही येजा. अन् एक रात्र राहजा. नाई राह्यले तर मी समजीन का कडीबिडी सारं खोटं आहे."

म्हणजे आता माझ्याकडे चार महिने होते.

तिनेच सूत्रं हातात घेतली. कुठल्या तरी बी-बियाण्याच्या दुकानाची जुनी डायरी काढली आणि फर्मान सोडलं की तीन दिवस, दिवसरात्र, किती वाजता काय प्यालो आणि किती वाजता किती लघवी झाली ते मोजून लिहायचं. तिच्या तपासणीच्या डॉक्टरणीने कोणाला तरी असंच सांगताना तिने ऐकलं होतं. मी कापडवाला, मोजणं माझ्या रक्तात आहे, पण मीटरमध्ये. स्वयंपाकघरात खिळ्याला अर्ध्या लिटरचं जुनं दुधाचं माप टांगलेलं होतं, ते मी गुपचूप नेलं आणि वापरून, स्वच्छ धुऊन, परत टांगलं. मला ते फारच व्यवहारी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने डायरी वाचली. त्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "पाऊण माप." तिने मापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. माप भंगारात गेलं. दुपारपर्यंत खुणा छापलेला प्लॅस्टिकचा मग आला आणि त्यावर लेकीने लाल नेलपॉलिशने फुली मारली.

तीन दिवसांनी डायरी घेऊन डॉक्टरकडे गेलो. हा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा, माझ्या बीपीच्या गोळ्या तोच देतो. मी एकटा जाणार होतो, बायको सोबत आलीच. मी आत शिरता शिरता म्हणालो, वयच झालं आता, चालायचंच. तो म्हणाला, वय झालं म्हणून रात्री एकदा उठलात तर मी काही म्हणणार नाही, चारदाचं कारण शोधावं लागेल. जळजळ होते का, रक्त दिसतं का, धार अडते का, ताप येतो का, हे विचारलं. तसं काही असेल तर डायरी लिहीत बसायचं नाही, लगेच यायचं, असंही बजावलं. साखर तपासायला सांगितली, लघवी तपासायला सांगितली, प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी लिहून दिली. मग बायकोला विचारलं, "हे घोरतात का? घोरताना मधेच श्वास अडकतो का?" घोरण्याचाही रात्रीच्या लघवीशी संबंध असतो म्हणे. बायकोने या विषयावर जवळजवळ दहा मिनिटं घेतली. तीस वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणीतरी हे विचारलं होतं. श्वास मात्र अडकत नाही, असं तिने शेवटी कबूल केलं.

मग त्याने डायरी उघडली. पानं मागेपुढे केली.

"काका, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, बारा तासांत तुम्ही पाणी प्यालात एक पेला. रात्री साडेआठ ते दहा, सहा पेले. वर ताक. वर चहा."

"दुकानातून आलो की तहान लागते."

"आणि हे नऊ वाजता काय लिहिलंय, बीपीची गोळी? ती पाण्याची गोळी आहे. ती लघवी करवण्यासाठीच असते. मी सकाळी घ्यायला लिहिली होती."

बायको माझ्याकडे वळली. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघू लागलो. शेवटी सांगावं लागलं. आमच्या ओळीत अकरा दुकानं आहेत. ती आमच्या आजोबा-पणजोबांनी बांधली. प्रत्येकाने देवाला कोनाडा ठेवला, तिजोरीला भिंत ठेवली, गिऱ्हाइकाच्या चपलांना पायरी ठेवली. संडासाला जागा एकानेही ठेवली नाही. त्यामुळे आमच्या ओळीची एक रीतच आहे: दिवसभर पाणी प्यायचं नाही, शटर पाडून घरी गेलं की दिवसभराचं एकदम प्यायचं. गोळी सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला दुकान उघडं टाकून चारदा मागच्या गल्लीत पळावं लागलं. एकदा तर एक बाई हातात शालू धरून, शेठ कुठे गेले म्हणून विचारत बसली. म्हणून मी माझ्या डोक्याने गोळी रात्रीवर टाकली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

डॉक्टर हसला नाही, त्याचं मला कौतुक वाटलं. त्याने माझा पायमोजा खाली करायला लावला, नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला. म्हणाला, दिवसभर पाय लोंबकळत बसता, पाणी पायांत उतरतं, रात्री आडवे झालात की तेच वर येतं आणि तुम्हाला उठवतं. गोळी पुन्हा सकाळी, आणि यापुढे वेळ बदलायची तर आधी मला विचारा. पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या दोन-तीन तास आधीपासून कमी. संध्याकाळनंतर चहा बंद. दुपारी नाहीतर संध्याकाळी तासभर पाय उंच करून पडा. तपासण्या आल्या त्यात साखर ठीक होती, प्रोस्टेटची ग्रंथी वयाच्या मानाने थोडी वाढलेली होती, पण तिचं सध्या काही करायची गरज नव्हती. चोर मीच होतो.

आता दिवसा पाणी प्यायचं म्हणजे दिवसा जायचं. मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातली साड्यांची घडवंची काढली आणि तिथे छोटा संडास बांधून घेतला. ओळीत चर्चा झाली, टिंगल झाली. दुकानात लक्ष्मी येते तिथे हे काय, असं एकजण म्हणाला. तोच पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी आला. दोन दुकानं सोडून बांगड्यांचं दुकान चालवणारी एक बाई आहे, माझ्यापेक्षा थोडी लहान. ती आठवडाभर आली नाही. मग एक दिवस दुपारी आली, जाऊन आली, आणि काउंटरशी थांबून म्हणाली, "भाऊ, वीस वर्षं झाले, मी दुकानात बसल्यावर पाण्याचा थेंब पेत नव्हती." एवढं बोलून ती गेली. पुरुषांना निदान मागची गल्ली तरी होती, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंही नव्हतं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गादीवर आडवा होऊन पाय कापडाच्या ताक्यांवर ठेवायचो. एकदा दोन बाया पायरीशीच थबकल्या आणि एकीने दुसरीला हळूच विचारलं, "शेठ गेले काय वं?" मी पडल्या पडल्या सांगितलं की आहे, या, नवीन माल आलाय.

चार फेऱ्यांच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. यात दीड महिना गेला. मधे नात झाली. रात्री आता लेकही उठायची, पण बाळाला पाजायला. बोळीतून मी परतताना तिच्या खोलीतून आवाज यायचा, "कितवी?" मी बोटं दाखवायचो. एका पहाटे मी एकच बोट दाखवलं, तेव्हा तिने बाळाचा चिमुकला हात धरून मला टाटा केलं.

चैत्र सरता सरता आम्ही त्यांना वडनेरला सोडायला गेलो. अंगणात बाजा पडल्या होत्या, माझ्या बाजेला लागून इवायाची. संध्याकाळी मी अर्धाच पेला पाणी घेतलं, चहाला नाही म्हणालो, पाय उशीवर उंच ठेवून बाजेवर पडून राहिलो. तरी खरं सांगतो, धाकधूक होती. मुलीच्या परीक्षेच्या निकालालाही मी इतका घाबरलो नव्हतो.

पहाटे जाग आली. एकदाच. कुत्रं म्हातारं झालं होतं. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा खाली टाकली. गाय उठली नाही. मी एकटा गेलो, निवांत जाऊन आलो. परत येतो तर इवाई बाजेवर बसलेले, बॅटरी हातात.

"झालं?"

"झालं. तुम्ही काऊन उठले? आज तर मी आवाजई केला नाई."

त्यांनी गच्चीकडे एक नजर टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "इवाईबुवा, आता पोरगी झाली, आपन आजे झालो, तुमच्यापाशी काय लपवू. त्या राती मी चारदा उठलतो ते तुमच्यासाठी नाई. तुमच्या मागून मलेच जायचं राहे. पाहुणा उठला, बरं निमित्त सापडलं."

"अन् खोकत काऊन होते?"

"तुम्ही लवकर आटपावं म्हणून."

मी बाजेवर बसलो. तीन वर्षं मी ज्या खोकल्यापासून पळत होतो तो खोकला म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या माणसाची घाई होती. आम्ही दोघं तोंड दाबून हसलो, बाजा करकरल्या, गच्चीवर कोणीतरी कूस बदलली. मग मी त्यांना विचारलं, पाण्याची गोळी घेता का, साखर कधी तपासली, दिवसा पाणी किती पिता. त्यांना एकाचंही उत्तर येईना. मी सांगितलं की आधी हिंगणघाटच्या डॉक्टरला दाखवा, आणि तोवर तीन दिवस मोजून लिहा; खुणा छापलेला मग मी आणून देतो. "फक्त घरातलं दुधाचं माप घेऊ नका," मी म्हणालो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बॅटरी घेऊन ते घाईने गोठ्याकडे निघाले होते.

सकाळी तोंड धुऊन ओट्यावर बसलो तर लेक बाळाला कडेवर घेऊन दारात आली. दुसऱ्या हातात तांब्या होता. तिने तो पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. पाणी गार होतं, माठातलं.

"अजून पाह्यजे?"

"दे."

दुसरा तांब्याही मी संपवला. आतून विहीणबाईंनी चाचरत विचारलं, "काय वं, विचार ना तुह्या बाबाले, वांगं करू काय आज?"

बस दहाची होती आणि माझी पिशवी भरून तयार होती. लेकीने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत उत्तर दिलं, "करा आई. बाबा आजई राहून राह्यले."